बुटाचा घासलेला कोपरा आणि ताम्हिणीचं वळण

गॅरेजवाल्या काकांनी गाडीकडे बघायच्या आधी माझ्या बुटाकडे बघितलं. मी गेलो होतो बाईकची चेन टाइट करायला, बाहेर स्टुलावर पायावर पाय टाकून चहा पित बसलो होतो, तर हे पाना हातात तसाच धरून माझ्या डाव्या बुटाच्या तळाकडे बघतायत. "घाटात जातोस वाटतं." म्हणलं हो, पण तुम्हाला कसं कळलं? त्यांनी पान्याच्या टोकाने दाखवलं. करंगळीच्या खालची बाहेरची कडा तिरकी घासून गेलेली, चाकूने तासल्यासारखी, आणि उजव्या बुटालाही तसंच, जरा कमी. "पाय लोंबकळत ठेवतोस तू. गाडी झोपली की फूटरेस्टच्या आधी बूट टेकतो रस्त्याला. एखाद्या दिवशी पाय अडकून मागे ओढला जाईल, मग येशील लंगडत."

मला वाटायचं घासलेले बूट म्हणजे जरा भारी गोष्ट आहे. म्हणजे बघा, आपण वळणात गाडी एवढी झोपवतो, म्हणजे झुकवतो वगैरे. काकांनी दोन वाक्यात हवा काढली. गाडी काही फार झोपत नव्हती, माझा पायच खाली होता.

झालं असं की मी गाडी शिकलो वडिलांच्या शंभर सीसीवर, तिला टाच-चवड्याचा लांब गिअर लिव्हर. पुढे दाबला की एक, मागे टाचेने दाबला की दुसरा. त्या गाडीवर पाय ठेवायची सवय लागते ती तळव्याच्या मधोमध, फूटरेस्टचं रबर बरोबर कमानीखाली, आणि चवडा पुढे लिव्हरवर नाहीतर तसाच हवेत. शहरात काही बिघडत नाही. मग मोठी गाडी घेतली तरी पाय तिथेच. आणि उजवा पाय तर कायम ब्रेकच्या पॅडलवर तरंगत, कारण पुण्यात कोण कुठून मध्ये येईल सांगता येत नाही. सरळ रस्त्यावर ठीक आहे हो, पण गाडी उजवीकडे झोपवली की तोच तरंगणारा चवडा सगळ्यात खाली येतो.

काकांचा उपाय साधा होता. वळण यायच्या आधी ब्रेक-गिअरचं काय ते उरकून घ्यायचं, मग पाय मागे सरकवून चवडा फूटरेस्टवर, टाच आत गाडीला चिकटवायची, गुडघे टाकीला. एवढंच. मी पुढच्या रविवारी पौड रोडने निघालो तेव्हा पिरंगुट येईपर्यंत दहा वेळा विसरलो असेन, पण मुळशीच्या पुढे जिथून खरी वळणं सुरू होतात तिथे करून बघितलं आणि गाडीच वेगळी वाटली. टाचेवर बसलेला माणूस आणि चवड्यावर बसलेला माणूस यात जो फरक तोच. चवड्यावर असलं की खड्डा आला तर गुडघ्याने झेलता येतो, हात मोकळे राहतात, हँडल आवळून धरावं लागत नाही. आणि हँडल आवळणं ही वळणातली सगळ्यात वाईट सवय आहे असं माझं मत झालंय.

आता वळणाचा विषय निघालाच आहे तर आधी आकडे सांगतो, कारण मला इंजिनिअर असूनही हे कधी करून बघावंसं वाटलं नव्हतं. समजा १५ मीटर त्रिज्येचं टाइट वळण आहे, घाटात असतं तसं. ताशी २५ ने गेलात तर गाडी साधारण १८ अंश झुकायला लागते. ३५ ने गेलात तर ३३ अंश. फक्त १० चा फरक आणि झुकाव जवळपास दुप्पट. ४५ ने जायचं म्हणाल तर ४७ अंश, म्हणजे आपल्या साध्या टायरवर, आपल्या रस्त्यावर, विषय संपला. मोटोजीपीवाले ६० अंशांच्या पुढे झोपवतात ते गरम केलेल्या रेसच्या टायरवर आणि रोज झाडलेल्या ट्रॅकवर, समोरून केळ्यांचा टेम्पो येत नसतो त्यांच्या. वेग दुप्पट तर लागणारा जोर चौपट, हे शाळेत पाठ केलेलं असतं पण ढुंगणाखाली गाडी असताना आठवत नाही.

म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना. टायरची पकड म्हणजे खिशातले शंभर रुपये समजा. ऐंशी वळायला खर्च झाले तर ब्रेकला वीसच उरतात. आधी ब्रेक मारून मोकळे झालात तर सगळे शंभर वळायला मिळतात. जे चांगले शिकलेले असतात ते वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत सोडत जातात, मी पण हल्ली थोडं करतो, पण नवीन माणसाने त्या भानगडीत पडू नये, आधी स्पीड कमी करायचा, गिअर कमी करायचा, मग वळायचं आणि वळताना बारीक थ्रॉटल चालू ठेवायचा. थ्रॉटल पूर्ण सोडून वळलं की गाडी मध्येच पडेल की काय असं वाटतं, ते बारीक गॅसने जातं.

आणि गाडी वळते कशी याच्यावर तर आमच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं होतं. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची. हो, पुढे. म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे झुकते. एकजण म्हणे असं केलं तर पडेल माणूस. अरे बाबा तू पंधरा वर्षं हेच करतोयस, फक्त तुला माहीत नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर ४० च्या स्पीडला उजव्या तळहाताने अगदी हलकं ढकलून बघ, गाडी उजवीकडेच जाते. अगदी हळू असताना हे चालत नाही, तिथे जिकडे हँडल तिकडे गाडी. आरटीओत लायसनला आठचा आकडा काढायला लावतात ना, तिथे हँडल खरंच वळवावं लागतं आणि मागचा ब्रेक, हाफ क्लच, आणि मान. मी पहिल्यांदा आठ काढताना पाय टेकवला होता, कारण पुढच्या चाकाकडे बघत होतो. शेजारी उभा असलेला एक पोऱ्या म्हणाला, दादा मान वळवा, गाडी आपोआप वळते. वय असेल अठरा. त्याचं बरोबर होतं.

नजर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. जिथे बघाल तिथे गाडी जाते. खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात, कठड्याकडे बघितलं की कठड्यावर. माझी पद्धत आता अशी झालीये की वळणात शिरताना रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जिथे एकमेकींना भेटताना दिसतात त्या टोकाकडे बघायचं. ते टोक तुमच्यापासून लांब पळायला लागलं की वळण उघडतंय, गॅस द्या. ते जागेवरच थांबलं किंवा जवळ यायला लागलं की वळण अजून आवळतंय, आणि तुम्ही जास्त स्पीडमध्ये आहात. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १४ मीटर. पुढे दिसतोय त्या रस्त्यात गाडी थांबवता आली पाहिजे, नाहीतर वळणापलीकडे म्हशी बसलेल्या असल्या तर काय करणार.

आपल्या घाटात अजून एक भानगड म्हणजे लेन. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशातले असतात, ते आरशात बघितल्यासारखे उलटे करून घ्यावे लागतात, आणि वर त्यांच्याकडे समोरून एसटी अर्धी आपल्या लेनमध्ये येत नाही. उजव्या वळणाला आपण डावीकडून शिरतो हे बरोबर, पण अगदी कडेला खडी आणि वाळू साचलेली असते, म्हणून चारचाकीचं डावं चाक जिथून जातं तो पट्टा धरायचा, तो झाडलेला असतो. दोन्ही चाकांच्या मधल्या पट्ट्यावर ऑइल ठिबकलेलं असतं, तिथे नको. डाव्या वळणाला उजव्या चाकाचा पट्टा, त्यामुळे पुढचं लवकर दिसतं, पण मधल्या रेघेपासून हातभर आत, आणि समोरून मोठं काही दिसलं की लगेच डावीकडे सरकायची तयारी. उजव्या वळणाला एक फसवाफसवी होते ती लक्षात ठेवा, तुमची चाकं तुमच्या लेनमध्ये असतात आणि गाडी झोपल्यामुळे डोकं मात्र रेघेच्या पलीकडे, समोरच्याच्या लेनमध्ये. वळणाच्या आतल्या कोपऱ्याला घाईने चिकटू नका, उशिरा कापा. लवकर कापलं की वळणाचा दुसरा अर्धा भाग तुम्हाला बाहेर फेकतो.

हे सगळं ज्ञान मला आधीपासून होतं असं समजू नका. मागच्या जुलैमधली गोष्ट. ताम्हिणी उतरून विळ्याकडे चाललो होतो, पाऊस बारीक, धुकं, रस्त्यावर लाल पाणी. पायात गमबूट. नवे कोरे, गुडघ्याखालपर्यंत येणारे, शेतात घालतात तसले, कारण आदल्या वर्षी पावसात स्पोर्ट शूज भिजून पायाला जे काही झालं होतं ते बायकोने अजून लक्षात ठेवलंय. एका डाव्या वळणाला जरा स्पीड जास्त वाटला म्हणून मागचा ब्रेक हलका दाबला. म्हणजे मला वाटलं हलका दाबला. गमबुटाचा तळ एवढा जाड आणि आतून पाय असा डुगडुगता की पॅडल कुठे आहे आणि किती दाबलं गेलंय काही म्हणजे काही कळत नाही. माझ्या गाडीला सिंगल चॅनेल एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात लागला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, पण फक्त पुढच्या चाकाला. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला खरा, पण सिंगल चॅनेलमध्ये मागचं चाक आपलं आपण सांभाळायचं असतं. त्यात उतार, म्हणजे वजन सगळं पुढे, मागचं चाक आधीच हलकं. ते लॉक झालं. मागून गाडी उजवीकडे सरकायला लागली ती जाणवली, कमरेत कुणीतरी हळूच ढकलल्यासारखी.

पडलो नाही. ब्रेक सुटला कारण गमबूट पॅडलवरून घसरला, त्यात माझं कौतुक काही नाही. गाडीने एक झटका दिला, सरळ झाली आणि समोरच्या लेनमधून जाऊन कठड्याच्या अलीकडे मातीत थांबली. समोरून कुणी येत नव्हतं. मी स्टँड लावून खाली उतरलो तर गमबुटात पाऊण पेला पाणी, वरून आत गेलेलं, कारण रेनकोटची पँट मी बुटाच्या आत खोचली होती. ती बाहेर काढायची असते हे एका गुराख्याने सांगितलं, तो छत्री घेऊन वर उभा राहून सगळं बघत होता.

तेव्हापासून बुटांचा विषय मी जरा डोक्यात घेतलाय. लोक हेल्मेटला दहा हजार घालतील, सायलेन्सर बदलतील, आणि पायात फ्लोटर. अहो, गाडी आडवी झाली की तिच्याखाली पहिला सापडतो तो घोटा. दीडशे किलोची गाडी आणि घोट्याचं ते बाहेर आलेलं हाड, मध्ये काय आहे तर मोजा. चपलेचं तर बोलूच नका, कोल्हापुरी लग्नात छान दिसते.

स्पोर्ट शूज सगळेच घालतात, मी पण घालायचो. त्यांचे दोन प्रॉब्लेम. एक म्हणजे तळ मऊ असतो, फूटरेस्ट तळव्यात रुतते, दोन तासांनी पाय बधिर. बूट हातात घेऊन ओल्या कपड्यासारखा पिळून बघा, सहज पिळला गेला तर तो पळायचा बूट आहे, गाडीचा नाही. दुसरा प्रॉब्लेम लेस. माझ्या मेव्हण्याची लेस सुटून गिअर लिव्हरला गुंडाळली गेली, चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली, पाय खाली टेकवायला गेला तर पाय येईचना, आणि गाडीसकट अगदी संथपणे, झाड पडावं तसा, डावीकडे कलंडला. टपरीवरचे चार जण उठून आले, चहा खाली न ठेवता. आता लेसचे बूट घातलेच तर गाठ मारून उरलेली टोकं आत खोचायची हा आमच्याकडे नियम आहे.

ट्रेकवाले अॅक्शनचे ट्रेकिंग शूज घालून येतात, ओल्या कातळावर त्यांची पकड खरंच जबरदस्त आहे, मी स्वतः त्यावर निम्मे गड केलेत. पण ते चालायला बनवलेत, घोटा उघडाच राहतो. मी चाकणला नोकरीला आहे त्यामुळे कंपनीचे सेफ्टी शूज घरात पडलेले असतात, दोन वर्षं तेच घालून फिरलो. वाईट नाहीत. आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा दुसरा भाग लिहिलेला असेल तर पुढची टोपी २०० ज्यूलचा मार सहन करते, चामडं जाड असतं, तळ कडक असतो. पुढच्या स्टीलने बोटं कापली जातात वगैरे जे सांगतात त्याला मी फार घाबरत नाही, तेवढा मार बसला तर साध्या बुटातही बोटं उरणार नाहीत. त्यांची खरी अडचण वेगळीच आहे. पुढचा भाग एवढा फुगीर की गिअर लिव्हरखाली जातच नाही, वरचा गिअर टाकायला पाय अख्खा उचलावा लागतो, आणि घाटात चढताना नेमक्या वेळी गिअर पडत नाही. याला औषध आहे पण. बऱ्याच गाड्यांना लिव्हरपासून एक सळई मागे गेलेली असते, तिच्या दोन्ही टोकांचे नट ढिले करून सळई फिरवली की लिव्हर वर-खाली होतो. काकांनी पाच मिनिटात पाऊण इंच वर घेऊन दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाले हे नवीन गाडी घेतल्यावर पहिल्या दिवशी करायचं असतं, सीटवर बसून, स्वतःचे बूट घालून. उजव्या ब्रेक पॅडलचंही तसंच, त्याची उंची आपल्या बुटाप्रमाणे लावून घेता येते. हे मला एवढ्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं.

शेवटी यंदा जानेवारीत खरे रायडिंग बूट घेतले. नाना पेठेत दोन तास फिरलो, दुकानदार वैतागला असणार. बुटावर ईएन १३६३४ हे रायडिंग बुटांचं युरोपियन मानक लिहिलेलं असतं, शेजारी गाडीवर बसलेल्या माणसाचं छोटं चित्र, आणि खाली चार आकडे, प्रत्येक एक किंवा दोन. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासलं तर किती टिकेल त्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, चौथा आडवा दाबला तर किती कडक राहतो त्याचा. चौथा माझ्या मते सगळ्यात कामाचा, कारण गाडी पायावर पडते तेव्हा बूट आडवाच दाबला जातो. आयपीए अक्षरं असतील तर घोट्याला धक्क्याचं संरक्षण तपासलेलं आहे, डब्ल्यूआर असेल तर पाण्याचं. नुसतं 'रायडर' असं नाव आणि लाल पट्टे असलेले खूप बूट मिळतात, आत बघितलं तर घोट्यावर फोमचा तुकडा.

आणि घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसलेला बूट लोणावळ्यापर्यंत चावायला लागतो. जे मोजे घालून चालवणार तेच घालून जा. मी दुकानदाराला म्हणलं मला खाली जाऊन गाडीवर बसून बघायचंय, तो म्हणाला बसा, पण एक बूट इथे ठेवून जा. त्यामुळे मी डाव्या पायात नवा बूट आणि उजव्या पायात मोजा अशा अवतारात नाना पेठेच्या गर्दीत गाडीवर बसून गिअर टाकून बघितले. लोक बघत होते. पण त्यामुळेच पहिली जोडी परत केली, घोट्यापाशी एवढी कडक होती की लिव्हर खाली दाबताना पाय वाकतच नव्हता. फार उंच रेसिंग बूट मला पटत नाहीत, घाटात उतरून चालावं लागतं, फोटो काढायचे असतात, देवळात जायचं असतं. घोट्याच्या चार बोटं वर येणारे घेतले, बाजूला चेन, वरून वेल्क्रोची पट्टी, टाचेला खाच. ती खाच फूटरेस्टला बरोबर अडकते आणि चवड्यावर पाय ठेवला की जागा सुटत नाही. तळ एवढा जाड नाही की ब्रेक कळू नये. पहिला महिना लाकडी वाटले.

परवा काकांकडे गेलो होतो ऑइल बदलायला. मुद्दाम पाय वर करून तळ दाखवला. पाच महिने, तीनदा ताम्हिणी, एकदा वरंधा, एकदा आंबेनळीने महाबळेश्वर. कडा शाबूत. काकांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले आता सेंटर स्टँड बघ खालून, तो घासलाय का. वाकून बघितलं तर स्टँडच्या डाव्या पायाच्या टोकाला एक चकचकीत ओरखडा. "म्हणजे आता पाय नीट आहे आणि स्पीड जास्त आहे," म्हणाले आणि आत निघून गेले.

पावसाचं मात्र अजून सुटलेलं नाही. बुटावर डब्ल्यूआर लिहिलंय, पण गेल्या रविवारी पहिल्याच सरीत वरून पाणी आत गेलं, कारण मी परत पँट आत खोचली होती. पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले तर सगळ्या घरात जो वास सुटला त्यावर बायकोने एक शब्द न बोलता त्यांना उचलून गॅलरीत ठेवलं. अजून तिथेच आहेत.